'डावणी' मीच म्हणायला लावली

माझ्या हातनं काय होऊन बसलं ते सांगते, पण मध्ये हसू नका. हसणाऱ्याशी भांडायची ताकद आता माझ्यात उरली नाही.

माझा सागर शिकला-सवरला आणि गिटार घेऊन बसला. तासगावात चार पोरांनी मिळून रॉक बँड काढला. पहिला अल्बम आला, नाव 'खरड छाटणी', म्हणजे द्राक्षबागेची उन्हाळ्यातली छाटणी. त्यातलं लोकांना सगळ्यात आवडलेलं गाणं कुठलं, तर 'डावणी'. डावणी म्हणजे द्राक्षावरचा रोग. घडाचा घड जातो. आमच्यात बाग फुलोऱ्यात असताना कुणी त्याचं नाव काढत नाही, आणि हा माइकवर बोंबलणार?

मी गळ्याची शपथ घातली. "सांगलीच्या कार्यक्रमात डावणी म्हणलास, तर आय मेली म्हणून समज."

"आये, लोकं त्येच ऐकायला येत्यात गं."

"मग नगो येऊ देत."

आणखी एक ठरलं होतं. सांगलीचा कार्यक्रम पडला, तर सागरनं सोमवारपासून बेदाण्याच्या शेडवर कामाला जायचं. शेडच्या मालकाला मी शब्दच देऊन ठेवलेला, आमच्या घरातलं माणूस सोमवारी येणार म्हणजे येणार.

धाकट्या जावेला, मालनला घेऊन मी सांगलीला गेले. सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं. लोक 'डावणी, डावणी' ओरडत होते, आमची पोरं दुसरंच वाजवत होती, मागची माणसं उठून चालली होती. पोराचं उतरलेलं तोंड बघून वाईट वाटलं, नाही असं नाही. पण म्हटलं, वाटू दे.

तेवढ्यात स्टेजपुढं एक पोरगी दिसली. केस मोकळे, डोळे मिटलेले आणि मान अशी गरागरा फिरवतेय की मलाच चक्कर यावी.

"मालन, तिच्या अंगात आलंय."

"आक्का, नाचतीया ती. गप बसा."

"असं नाचतं व्हय कुणी? आन् एकानं तिला धरलं न्हाई बघ. काय माणसं हायती."

पर्समध्ये कुंकवाची डबी असतेच. मी गेले, पोरीला धरलं, कपाळभर मळवट भरला आणि हात जोडले. देवी एवढी समोर आल्यावर कोण सोडतंय? विचारून घेतलं, "आई, सोमवारी माझं पोरगं कामाला जाईल का?"

गाणं चालूच होतं. पोरीनं मान जोरात खाली-वर हलवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"मग तुला काय पाहिजे? माग."

"काकू, त्यांना डावणी म्हणायला सांगा ना."

देवीनं तोंडानं मागितल्यावर नाही म्हणायची छाती आहे का कुणाची? दुखरे गुडघे घेऊन मी स्टेजवर चढले. सागर वाजवायचा थांबला.

"आये, हितं काय करतीयास?"

"डावणी म्हण."

"तूच शपथ घातलीस की."

"सुटली म्हण शपथ. देवीला पाहिजे."

समोर माइक चालू आहे हे मला कोण सांगणार? सगळ्या हॉलनं ऐकलं. चाललेली माणसं मागं फिरली. पोरांनी डावणी सुरू केली आणि बघते तर काय, हॉलभर माना फिरायला लागल्या. बाप्ये, बाया, एक चष्मेवाले मास्तरसुद्धा. एवढ्या देव्या एका वेळी? तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

मालन खाली तोंडाला पदर लावून बसलेली.

डावणी तीनदा म्हणायला लावली लोकांनी. तिथंच साताऱ्याच्या एका माणसानं बँडला पुढचा कार्यक्रम दिला आणि सोमवारी सकाळी सागर गिटार घेऊन सातारच्या एसटीत बसला.

इकडं शेडच्या मालकाचा फोन. "मावशी, शब्द दिला हुता तुमी. माल येऊन पडलाय."

शब्द तर दिलेला. काय करणार? डबा बांधला आणि जाऊन बसले बायकांत बेदाणा निवडायला. इतके दिवस देवापुढं नोकरी, नोकरी करत होते. लागली एकदाची. मला.