पांढऱ्या डब्यावरचा पंजा

ऑरिन स्टबलफील्ड नेवाडाच्या वाळवंटात डबे शोधायचा. पांढरे, पुरुषभर उंचीचे डबे. आत दाब आणि उष्णता मोजणारी यंत्रं. विमानातून ते पॅराशूटला लटकवून सोडत आणि मग जमिनीपासून सात मैल उंचीवर चाचणीचा अणुबॉम्ब फुटे. डबे आकडे रेडिओवरून पाठवत. नंतर उरलेली टरफलं उचलून आणायची, एवढंच ऑरिनचं काम.

१९५५च्या एप्रिलात एक डबा झुडपात आडवा सापडला. एका अंगाचा रंग भाजून पिवळट पडलेला, आणि त्यात तपकिरी पंजा उमटलेला. करंगळीला टोक नव्हतं.

ऑरिनने वाकून जवळून पाहिलं. असा हात एकाच माणसाचा होता. लायमन बेक, त्याचा जोडीदार. डबे रंगवायचं काम त्याचं. फेब्रुवारीत गाडी उलटून तो गेला होता.

डबा शेडमध्ये आणल्यावर तिथल्या साहेबांनी तो डाग भिंगातून पाहिला. "तेलकट हात लागला असणार. एरवी दिसत नाही, पण धग लागली की तेल आधी करपतं."

"हात लायमनचा आहे, साहेब."

"असेल. घासून काढ. डबा पुन्हा वापरायचाय, आकडे बिघडतात अशा डागानं."

"आणि साहेब, तिथं माणूसच असता तर?"

"सात मैल वर माणूस कशाला मरायला जाईल?" साहेब हसले, पण हसू अर्ध्यावरच राहिलं आणि त्यांनी कागदांत डोकं खुपसलं.

ऑरिनने त्या पंज्यावर आपला हात ठेवून पाहिला. पत्रा गारठलेला होता. मग त्याने सगळं घासलं आणि वर रंगाचे तीन हात दिले.

रविवारी चर्चबाहेर लायमनच्या बायकोने, व्हर्डाने, त्याला गाठलं. "तुमच्या शेडमध्ये त्याचं काही राहिलंय का रे? टोपी, हातमोजे, काहीही चालेल. घरात आता त्याचा वाससुद्धा येत नाही."

कामाबद्दल बाहेर अवाक्षर काढणार नाही, असं ऑरिनने लिहून दिलं होतं. "काही नाही, व्हर्डा."

"निदान माझ्याकडे बघून तरी सांग."

त्याला ते जमलं नाही.

उन्हाळा सरता सरता व्हर्डा मुलींना घेऊन युटाला माहेरी निघून गेली. ऑरिनने पुढे तीन वर्षं डबे आणले. पण डब्याला हात लावण्याआधी तो त्याच्याभोवती सावकाश एक फेरी मारी, वाकून सगळ्या बाजू न्याहाळी.

"काय रे, विंचू शोधतोस?" सोबतचे चिडवत.

"हो," तो म्हणे.