डालग्यावरचा दगड

लग्नात आईनं मला भांडी दिली, लुगडी दिली आणि निघता निघता टोपलीत घालून एक तांबडी कोंबडी दिली. तळेगावहून निघालेली बैलगाडी पवन मावळात माझ्या सासरी पोचली, टोपली खाली उतरली, आतून आवाज आला आणि सासूबाई दोन पावलं मागं सरल्या. सासूला आम्ही आत्या म्हणायचो. आत्या माळकरी होत्या. त्यांच्या घरात कधी अंडंसुद्धा आलेलं नव्हतं. आईला हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण लेकीबरोबर कोंबडी धाडायची तिच्या माहेरची रीत होती आणि रीतीपुढं तिला विहीणबाई दिसत नसत.

"परत धाडायची न्हाई, तुज्या आईचा मान जाईल," आत्या म्हणाल्या. "परड्यात ऱ्हाऊ दे. पर घाण दिसली न्हाईतर माश्या घरात आल्या, की त्याच दिशी बाजाराला लावीन."

आत्या बोलल्या म्हणजे ते होणारच. माळ गळ्यात असताना खोटं बोलायचं नाही, हा त्यांचा नेम अख्ख्या वाडीला माहीत होता. मी सोळा वर्षांची होते. त्या घरात माझं म्हणावं असं ती कोंबडीच होती, आणि ती जाईल या धास्तीनं मला घास गोड लागत नसे.

चैत्र सरता सरता ती खुडूक झाली. खुराड्याच्या कोपऱ्यात भुसा पसरून मी तिच्याखाली अकरा अंडी ठेवली. मग स्वच्छतेचा असा काही ध्यास घेतला की विचारू नका. आईनं मला एकच स्वच्छता शिकवली होती, ती शेणाची. सकाळी खुराडं झाडायचं, सडा घालायचा, हिरव्या शेणानं गुळगुळीत सारवायचं. दुपारी पुन्हा एकदा. तरी माश्या आल्याच. मी आणखी सारवलं, त्या आणखी आल्या, निळ्या, जाड, घोंघावणाऱ्या. मला वाटलं, माझंच काम कमी पडतंय.

तेवढ्यात कोंबडीनं नवं नाटक सुरू केलं. अंड्यांवरून सारखी उठायची, शेपटाखाली चोच मारायची, अंग झाडून परड्यात पळायची. अंडी गार पडणार म्हणून माझा जीव खालीवर व्हायचा. शेवटी मला राग आला. मी तिला धरून बसवली, वर बांबूचं डालगं पालथं घातलं आणि त्यावर पाट्याएवढा दगड ठेवला. कड जराशी उचलून दाणे-पाण्याची वाटी आत सरकवत होते. पहिला दिवस तिनं धडका मारल्या. दुसऱ्या दिवशी गप्प झाली. "आली बाई शुद्धीवर," मी म्हणाले आणि खूश होऊन पुन्हा सारवलं.

तिसऱ्या दिवशी वास आला. मी डालगं उचललं, तिला उचलून पाहिलं. शेपटाखाली पिसं नव्हतीच, तिथलं मांस हलत होतं. अळ्या होत्या, वळवळणाऱ्या, एकीवर एक. "किडे पडो" ही शिवी मी पाणवठ्यावर शंभरदा ऐकली होती. किडे पडतात म्हणजे काय होतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. मी ओरडले ते वाडीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं असेल.

आत्या बाहेर आल्या. कोंबडी पाहिली, ओली जमीन पाहिली, दगड पाहिला.

"किती येळा सारवतीस?"

"दोनदा."

"वैशाखाच्या उन्हात वलं श्याण? माश्यांना आवतान दिलंस की गं. ती उठून सांगत व्हती, तिला दगडाखाली घातलीस."

आता बाजार, एवढंच डोक्यात होतं. पण आत्यांनी गळ्यातली माळ काढली आणि तुळशीवर ठेवली. मी लग्न होऊन आल्यापासून तो गळा मोकळा पाहिला नव्हता. किड्यांपेक्षा मला त्याचाच धक्का जास्त बसला. त्या मातीत फतकल मारून बसल्या, कोंबडी मांडीवर घेतली आणि एक एक अळी काडीनं काढू लागल्या. बैलाच्या जखमेला लावतात तसा सीताफळीचा पाला ठेचून भरला, वरून करंजाचं तेल लावलं. मी रडत शेण खरवडून काढलं. त्यांनी सांगितलं तशी चुलीची कोरडी राख पसरली आणि भिंतीला निर्गुडीच्या डहाळ्या खोचल्या. मग आत्या नदीवर जाऊन डोक्यावरून न्हाल्या आणि माळ पुन्हा गळ्यात घातली. बाजाराचं नाव त्यांनी काढलं नाही.

कोंबडी जगली. सात पिल्लं निघाली. पण मी जवळ गेले की ती पिल्लांसकट पळायची.

जेठात आई भेटायला आली. कोंबडीला उचलून तिनं मागचा उघडा वण पाहिला.

"हे गं काय झालं?"

मी आत्यांकडं पाहिलं. ओसरीवर आत्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. गळ्यात माळ होती.

"मुंगसानं धरली व्हती," त्या म्हणाल्या. "तुमची पोर धावली म्हणून वाचली."