पाणी लागेपर्यंत

"पाणी लागलं. ओव्हरसियरांनी वर यायचं आता."

विहिरीच्या तोंडावरून खोतांचा आवाज आला. मी तळाशी उभा होतो, पिंढऱ्यांपर्यंत जांभ्याच्या लाल चिखलात. धाकू कुणब्याच्या पहारीखाली कातळातून पाण्याची धार फुटली होती आणि आम्ही दोघंही वेड्यासारखे हसत होतो. सगळा उन्हाळा त्या भोकात काढला होता. लांज्याकडचं हे गाव. चैत्र लागला की इथल्या बाया डोंगर उतरून खालच्या पऱ्ह्यातून, म्हणजे ओढ्यातून, पाणी आणत. जिल्ह्याच्या लोकल बोर्डाने विहीर मंजूर केली. जागा मी ठरवली, आखणी माझी.

ओव्हरसियर म्हणजे मी, पण मला वाटलं, नारळ फोडायला दोघांनाही वर बोलावताहेत. धाकू पहार ठेवून निघाला तर खोत म्हणाले, "तू थांब रे. त्यांना येऊ दे."

मी शिडीने वर आलो. खोत मागे सरले. "कोरडी होती तोवर चाललं," ते म्हणाले. "आता तिच्यात पाणी आहे. आता महाराचा पाय नको."

नारळ फुटला. माझ्या वाट्याचं खोबरं लांबून टाकलं. माझा हात आपोआप पुढे झाला. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, डोकं नको म्हणतं आणि हात झेलतो.

मी लढाईवर जाऊन आलेला माणूस. जर्मनीच्या लढाईत, इराकात बसऱ्याकडे होड्यांचे पूल बांधले. गोळ्या चालू असताना बांधले. तिथल्या उन्हात रत्नागिरीचाच एक मराठा हवालदार माझ्या बाटलीला तोंड लावून पाणी प्यायला होता. "भावा, वाचवलंस," म्हणाला. मुंबईच्या गोदीत आमची बोट लागली आणि भाऊ मला ओळखेनासा झाला. पुढे सरकारने आमची महारांची पलटणच मोडली. गरज सरो, वैद्य मरो.

मॅट्रिक मी आधीच झालो होतो. पुलाच्या कामावरच्या गोऱ्या साहेबाने शिफारस केली म्हणून पुण्याच्या इंजिनीयरिंग कॉलेजात शिरलो. जमीन मोजायची साखळी असते. एक टोक एकाने धरायचं, दुसरं दुसऱ्याने, आणि दोघांनी ताणायची. माझं दुसरं टोक कुणी धरीना. लोखंडातून विटाळ जातो की नाही, यावर पोरांचा वाद झाला. मास्तर शिकलेले, विलायतेला जाऊन आलेले. त्यांनी निवाडा दिला, "लोखंडाला विटाळ नाही. पण उगाच कुणाचं मन कशाला दुखवा?" मग मला एक लाकडी खुंटी दिली. ती जमिनीत ठोकायची, साखळीचं एक टोक तिच्यात अडकवायचं आणि दुसरं आपण ओढायचं. सगळं कॉलेज मी त्या खुंटीबरोबर केलं. बाकीच्यांना जोडीदार होते, मला खुंटी होती. ती सैल झाली की माप चुकायचं आणि मार्क माझे जायचे.

तरी पास झालो. बोर्डात ओव्हरसियर लागलो. वाटलं, सुटलो. कसला सुटतोय! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. रत्नागिरीत कुणी खोली देईना. बोर्डाच्या सामानाच्या शेडमागे राहिलो, पहारी-घमेल्यांच्या शेजारी. कचेरीतला शिपाई मला कागद टेबलावर टाकून देई. मी आखलेल्या मोऱ्यांवरून सगळ्या गावाच्या गाड्या जात, पण माझ्या शेजारी बसून कुणी भाकर खात नव्हतं. गावी गेलो की आये म्हणायची, "सरकारी भाकर हाय लेका. गप ऱ्हा. तुज्यावर धा तोंडं हायत." खरंच होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. रागाने रात्री अंग तापायचं आणि सकाळी मी पुन्हा टोपी घालून कामावर हजर असायचो.

पाऊस सरल्यावर लांज्याकडची ती विहीर पुरी झाली. चिरे बसले, पायऱ्या झाल्या. शेवटचं मोजमाप घ्यायला मी गेलो. देखरेखीला आमचे इंजिनीयर रावसाहेब आले होते. सभेत सुधारणेवर बोलणारे गृहस्थ. कठड्याशी खोत आणि सगळं गाव. पलीकडे बांधावर महारवाड्यातल्या बाया मडकी घेऊन बसल्या होत्या, कुणी वरून ओतील म्हणून.

मी बूट काढले. धाकू हळूच जवळ आला. "सायब, उतरू नुका. मी टेप धरतंय. आकडा सांगतंय, तुमी लिवा." त्याच्या मनात काळं नव्हतं. तो मला वाचवायलाच बघत होता.

रावसाहेब म्हणाले, "तो म्हणतो तसं करा. लिहून सही करा आणि मोकळे व्हा."

आमच्या खात्यात पहिला धडा हा, की ज्याची सही त्याचं मोजमाप. त्या दिवशी मला तिथेही खुंटी करून ठोकायला निघाले होते. माझी सही चालणार होती. माझा पाय नाही.

मी बांधावरच्या बायांकडे पाहिलं. मग पायऱ्या उतरलो. वर एकदम गलका झाला. मी टेप सोडला, खोली मोजली, लिहून घेतली. नंतर वाकलो, ओंजळ भरली आणि पाणी प्यायलो. गार होतं. अजून त्याला नव्या दगडाची चव होती. मी पुन्हा प्यायलो.

"बाटवलीस! विहीर बाटवलीस रे!" खोत कठड्यावरून ओरडले.

मी वर येताच रावसाहेब लगबगीने पुढे आले. त्यांनी मला बाजूला घेतलं. आवाज अगदी मायेचा. "हे पाहा, नोकरीचा प्रश्न आहे. पाय घसरला म्हणा. घसरून पडलात, नाकातोंडात पाणी गेलं. मी सावरून घेतो. गावही विहीर शुद्ध करून विसरून जाईल."

दार उघडं होतं. त्यातून वाकून गेलो असतो तर नोकरी राहिली असती, आयेची भाकरही राहिली असती. आणि मी जन्मभर घसरून पडलेला माणूस राहिलो असतो.

मी सगळ्या गावाला ऐकू जाईल असं बोललो. "पाय घसरला नाही. मी उतरलो. तहान लागली म्हणून प्यायलो. असंच लिहा, रावसाहेब."

विहीर शुद्ध केली म्हणे. माझी बदली मंडणगडच्या डोंगरात झाली, पगार खाली आणला. आये महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मंडणगडातही पाण्याची बोंब होती. पहिल्याच गावाने विहीर मागितली. मी जागा दाखवली. खुणेचा दगड ठेवण्याआधी पंचांना उभं केलं आणि सांगितलं, "पाणी लागलं की पहिली ओंजळ माझी. दुसरी महारवाड्याची. कबूल असेल तर खणायला लागा. नसेल तर तहानलेले मरा."