टाचणीबाईंचा वरचा दिवा

आमच्या समोरच्या घरातल्या बाईंना सगळी गल्ली टाचणीबाई म्हणते. शिवणकाम करायच्या तेव्हा त्यांच्या ओठांत कायम टाचण्या असायच्या, आणि टाचण्या काढल्या की जीभही तेवढीच टोचायची. माप घेताना गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायच्या, पोट आत ओढू नका, कपडा तुम्हालाच घालायचाय. माझ्यावर त्यांचा खास राग होता तो दिव्यावरून. अंधार पडायच्या आधी माझ्या स्वयंपाकघरात दिवा दिसला की पलीकडून हाक यायचीच, "उजेड कमी पडतोय का गं तुझ्या घरात?" मीही काही ऐकून घेणाऱ्यातली नाही. भांडून भांडूनच आमचं जमलं.

आधी नवरा गेला, मग डोळे अधू झाले, मग गिऱ्हाइकं तयार कपड्यांच्या दुकानांकडे वळली. शिलाई मशीनवर चादर पडली ती पडलीच. जिथे बायकांची रांग असायची, त्या दाराशी आता पत्ता चुकलेला कुरिअरवाला थांबला तरच. दुपारी बाई दारात खुर्ची टाकून बसायच्या. कशा आहात विचारलं की म्हणायच्या, दिवस उरकत नाही गं. एवढी टोचून बोलणारी बाई, पण टोचायलाही कुणी हवं ना समोर.

एकुलती एक लेक दूरच्या शहरात नोकरीला. मागच्या खेपेला ती आली आणि उतरली लॉजवर. का, तर खाली एकच खोली, आणि माडीवरच्या खोलीत वीज नाही. फोन चार्ज करायचा कुठे, काम करायचं कसं? राहायचंच नसलं की अंगण वाकडं, हे मी मनात म्हटलं. पण आई ती आई. बाईंनी लेकीचा शब्द न् शब्द खरा धरला. वर दिवा आला की लेक घरी राहील, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलं.

वायरमनला बोलवा म्हटलं, तर माझ्यावरच उखडल्या. स्वतःचं शिवण त्यांनी कधी दुसऱ्याच्या हाती दिलं नव्हतं, तर लेकीची खोली कशी देतील? मोबाइलवर व्हिडिओ लावून वायरिंग शिकायला बसल्या. व्हिडिओतला माणूस मधूनमधून "समजलं ना?" असं विचारायचा आणि बाई मोठ्याने "हो" म्हणायच्या. ते मला माझ्या ओट्यापर्यंत ऐकू यायचं. दिवसभरात त्या घरात तेवढाच काय तो संवाद.

आधी खोलीला रंग दिला, लेकीच्या आवडीचा फिकट हिरवा. मग काम सुरू झालं. स्टूल धरायला मी. शिंप्याच्या खडूने भिंतीवर रेघ मारली, त्या रेघेवर प्लास्टिकची पट्टी ठोकली, इतकी सरळ की बघत राहावं. वायर कापताना प्रत्येक टोकाला थोडी जास्त ठेवायच्या. शिवणीत दाब सोडतातच, उद्या उसवायची वेळ आली तर हाताशी काही हवं, असं त्यांचं म्हणणं. पलंगाशी फोनसाठी एक प्लग, आणि दिव्याला बटणं दोन, एक खाली जिन्यापाशी, एक वर खोलीत. कुठूनही लावा, कुठूनही बंद करा. "वाचता वाचता झोपते ती," बाई म्हणाल्या. "मला जिना चढायला नको, खालूनच बंद करीन."

मेनला जोडायच्या आधी वायरमनकडून सगळं तपासून घ्यायचं, एवढं मात्र मी कबूल करून घेतलं होतं. तो आला, त्याने बोर्डाचं झाकण काढलं आणि झटकन हात मागे घेतला.

"काकू, सगळ्या वायरी हिरव्याच?"

"भिंत हिरवी आहे ना," बाई म्हणाल्या. "धागा कापडाच्याच रंगाचा घ्यायचा. आतल्या शिलाईलासुद्धा."

मला हसू आलं, पण तो हसला नाही. जिन्याच्या पायरीवर बसून त्याने नीट समजावलं. हिरवी वायर अर्थिंगची. तिच्यात करंट नसतो हे धरूनच आम्ही बोर्डात हात घालतो. उद्या कुणी तुमची हिरवी वायर बिनधास्त धरली तर तो माणूस जागेवर जाईल. वाटल्यास मी सगळं बदलून देतो, असंही म्हणाला.

बाईंचा चेहरा उतरला. त्यांच्या हातचं काम परत आलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "इथे माझी लेक झोपणार आहे," त्या हळूच म्हणाल्या. मग स्क्रूड्रायव्हर उचलला आणि स्वतःच स्टुलावर चढल्या. उसवायचं तर उसवायचं.

लाल, काळी आणि हिरवी, जिथली तिथे घालून पुन्हा सगळं ओढलं. बोटं सोलली, तरी मला फक्त स्टूलच धरू दिलं. लेक यायच्या आदल्या दिवशी वायरमनने एकेक जोड तपासला, मेनला जोडून दिलं आणि म्हणाला, एवढं नेटकं काम मलासुद्धा जमत नाही. बाईंनी खालून दिवा लावला, गुडघे धरत वर जाऊन बंद केला, पुन्हा खाली येऊन लावला. मी म्हटलं, बटण झिजेल. मग मला वर नेलं, त्यांना पलंगावरची नवी चादर दाखवायची होती. डोळे अधू असताना शिवलेली, पण टाके सरळ.

लेक आली ती घाईतच. ऑफिसच्या कामानेच इकडे आली होती आणि दुपारचीच परतीची गाडी होती. वर गेली, दिवा लावून बघितला, पलंगावर टेकून थोडा वेळ फोन चार्ज केला. आईच्या गळ्यात पडून म्हणाली, किती छान केलंस गं, पुढच्या वेळी नक्की राहीन. वाईट नाही ती. फक्त तिला वेळ नाही. कोपऱ्यावर रिक्षा वळेपर्यंत बाई दारात उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीवर चांगलं ऊन आलं होतं, तरी वरचा दिवा चालूच. मला वाटलं, इतक्या वर्षांचा हिशेब चुकता करायची हीच वेळ. तरातरा रस्ता ओलांडून गेले. बाई जिन्याशी खुर्ची टाकून बसल्या होत्या, बटण हाताच्या अंतरावर.

"उजेड कमी पडतोय का तुमच्या घरात?" मी म्हटलं.

त्यांनी वर पाहिलं. आज टोचल्या नाहीत.

"तिने लावलाय गं तो," त्या म्हणाल्या. "मी बंद केला, तर पुन्हा लावीन तो माझा मीच लावलेला असेल."

मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेले आणि दोघींचा चहा टाकला.