हिरव्या नळ्या आणि एक जागा

पन्नासच्या दशकात मी पिंपरीत क्षयाच्या एका लहानशा दवाखान्यात कामाला होते. निर्वासितांच्या छावणीजवळ लष्कराच्या जुन्या बराकी होत्या, त्यातल्या एकीत दवाखाना आणि तिच्याच टोकाला आमची प्रयोगशाळा. तिथे आम्ही दोघीच. मी पुण्याहून विज्ञानाची पदवी घेऊन आलेली. दुसरी सिंधी मुलगी, फाळणीनंतर आईबरोबर कराचीहून छावणीत आलेली. तिचं मराठी मोडकं होतं, पण हात विलक्षण स्थिर. काचेची नळी तिच्या हातून फुटलेली मी कधी पाहिली नाही.

रुग्णांच्या थुंकीतले जंतू आम्ही नळ्यांत वाढवत असू. त्यासाठी अंडी फेटून, त्यात हिरवा रंग मिसळून, नळ्या तिरप्या ठेवून ते मिश्रण वाफेवर घट्ट करायचं. अंडी नदीपलीकडच्या काळेवाडीहून एक म्हातारी आणून द्यायची. एकदा तिने विचारलं, "एवढी अंडी खाता व्हय गं पोरींनो?"

"आम्ही नाही आजी, जंतू खातात," मी म्हटलं.

"मंग त्यास्नी कशाला घालता? उपाशी मरू द्या की!"

आम्ही दोघी खूप हसलो. पण आमच्या डॉक्टरांची सगळी काळजी त्याच जंतूंची होती. नवी इंजेक्शनं आली होती. काही रुग्ण त्यांनी झपाट्याने सुधारायचे आणि मग पुन्हा ढासळायचे. औषध जंतूंना लागू पडेनासं झालंय का, हे नळीत तपासण्याची रीत निघाली होती, ती आम्हाला येत नव्हती. डॉक्टरांनी संशोधनाच्या अनुदानासाठी सरकारदरबारी खेटे घातले. शेवटी अनुदान मंजूर झालं, त्याबरोबर मद्रासला सहा महिने शिकायची एक जागाही. डॉक्टरांनी माझं नाव दिलं.

चिंचवडच्या घरी आईने डोळे पुसत ट्रंक काढली. मद्रास म्हणजे तिला परदेशच वाटत होता. जाण्याआधी तब्येतीचा दाखला हवा होता, म्हणून छातीचा एक्स-रे फोटो काढला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तो पुन्हा काढायला लावला. मला वाटलं, पहिला हलला असेल.

संध्याकाळी त्यांनी मला खोलीत बोलावलं. दोन्ही फिल्म खिडकीच्या काचेला लावलेल्या होत्या.

"बसा," ते म्हणाले.

बसायच्या आधीच मला दिसलं. उजव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली, कापूस विस्कटल्यासारखा डाग. असे फोटो मी रोज पाहत होते. तरी मी म्हणाले, "डॉक्टर, कुणाच्या तरी फोटोशी अदलाबदल झाली असेल."

"काल मीही हेच म्हणालो," ते हळूच म्हणाले. "म्हणून दुसरा काढला."

ज्या खाटांवरून मी नमुने गोळा करत असे, त्यांतलीच एक खाट मला मिळाली.

मद्रासच्या जागेसाठी डॉक्टरांनी आता माझ्या सिंधी मैत्रिणीचं नाव दिलं. ती दारात उभी राहून म्हणाली, "मी नाही जाणार. तुझी जागा आहे ती."

"जागा परत गेली तर पुन्हा कधी मिळायची?" मी चिडून म्हटलं. "इथे माणसं मरतायत. जा तू."

ती रडत गेली, पण गेली. त्या रात्री मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तिचा हेवा वाटत होता, आणि ती जायला नको होती असंही नव्हतं. दोन्ही एकदमच वाटत होतं.

इंजेक्शनांनी आधी ताप उतरला. भूक लागू लागली, वजन वाढलं. आई रोज चिंचवडहून डबा घेऊन यायची आणि दूर बाकावर बसून मला जेवताना बघायची. मग हिवाळ्यात खोकला परतला. इंजेक्शनांमुळे कानांत सतत घणघण वाजू लागलं, उभं राहिलं की जमीन कलायची. डॉक्टर माझा तापाचा तक्ता पुन्हा पुन्हा पाहू लागले. इंजेक्शन आता लागू पडत नाही, हे मला इतर रुग्णांपेक्षा लवकर कळलं.

त्याच सुमारास ती मद्रासहून परतली. स्टेशनवरून थेट बराकीत आली, सामान दाराशी टाकलं आणि माझ्याकडे नमुन्याची बाटली मागितली. "पहिला तुझा," एवढंच म्हणाली.

क्षयाचे जंतू सावकाश वाढतात, आठवडेच्या आठवडे जातात. रोज सकाळी ती खिडकीतून मान हलवून सांगायची, अजून काही नाही. एका सकाळी ती खिडकीशी न थांबता आत आली. तिच्या हातात दोन नळ्या होत्या. एकीत नुसतं हिरवं. दुसरीत हिरव्यावर फिकट पिवळे, खरखरीत ठिपके.

"या दुसरीत तुझं इंजेक्शन घातलंय," ती म्हणाली. "त्यात मजेत वाढलेत. पहिलीत गोळ्यांचं औषध आहे. त्यात एकही नाही."

डॉक्टरांनी त्याच दिवशी इंजेक्शन बंद करून औषधं बदलली. उन्हाळा संपता संपता मी बराकीच्या व्हरांड्यात चालू लागले. कानातली घणघण मात्र थोडी राहिली, आजही आहे.

पुढे पुण्यात डॉक्टर मंडळींची परिषद भरली. आमच्या कामाचा निबंध डॉक्टरांनी तिलाच वाचायला लावला. मी मागच्या रांगेत होते. कोष्टकातल्या रुग्णांत मीही होते, नावाशिवाय. एका वयस्क गृहस्थांनी विचारलं, औषध बदललेली ती तरुण स्त्री आता कशी आहे? तिने सभागृहात माझ्याकडे पाहिलं नाही. कागद नीट केले आणि इंग्रजीत म्हणाली, "ती बरी आहे, सर. कामावर आहे."

मला हुंदका आवरेना, म्हणून मी बाहेर जाऊन उभी राहिले.

पुढच्या वर्षी मी मद्रासच्या जागेसाठी अर्ज केला. फोटोत व्रण दिसत होता, निवड झाली नाही. डॉक्टर भांडले, उपयोग झाला नाही. मला ते फार लागलं. मग मैत्रिणीने मद्रासला शिकलेलं सगळं मला टेबलाशी उभं करून शिकवलं, आणि ती लग्न होऊन मुंबईला गेल्यावर इतर दवाखान्यांतून शिकायला येणाऱ्यांना मी शिकवू लागले. पहिल्या दिवशी मी त्यांना नळ्यांना हात लावू देत नसे. आधी छातीचा फोटो काढून या, म्हणायची. काहींना राग यायचा. फोटो घेऊन येईपर्यंत मी वाट पाहायची.