आत्या, तू उतर

कोहमाऱ्यावरून आजही जाणं झालं की मी मोटारीची काच खाली करतो. बाहेर थंडी असो, धूळ असो, शेजारचा कितीही कुरकुर करो. नोकरीत प्रेतं पुष्कळ पाहिली आणि बहुतेक विसरलो. एक मात्र विसरता येत नाही. ते फार छान दिसत होतं, म्हणून.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं आणि मी गोंदियाचा ठाणेदार होतो. थंडी पडली होती. दुपारी ठाण्यात रोजनामचा लिहीत बसलो असताना गावातले एक भटजी आले आणि पूजेचा तांब्या चोरीला गेल्याची तक्रार सांगू लागले. तांब्या गेला म्हणून भटजी ठाण्याची पायरी चढत नाहीत, एवढं मला कळत होतं. मी लेखणी खाली ठेवली.

"तांब्याचं राहू द्या. काय झालं ते सांगा."

भटजींनी दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. धानाच्या एका मोठ्या आडतदाराची विधवा भावजय त्याच सकाळी नागपूरच्या वाटेवर मोटारीत वारली होती. प्रेत घरी परत आणलं होतं आणि संध्याकाळच्या आत उचलायची घाई चालली होती.

"तिचा भाऊ नागपुरात तिची वाट बघतोय. त्याला तारसुद्धा केलेली नाही," भटजी म्हणाले. "आणि आणखी एक. प्रवासाचा दिवस विचारायला दीर माझ्याकडे आला होता. मी द्वादशी सांगितली. तो म्हणाला, एकादशीच धरतो. मला वाटलं, भाविक माणूस आहे. पण माझं नाव यात येऊ देऊ नका."

"आणि तांब्या?"

"तो घरीच आहे," म्हणत भटजी गेलेसुद्धा.

ते घर मला माहीत होतं. केशोरीकडे त्यांची धानाची मोठी शेती आणि गोंदियात आडत. दोन भाऊ. थोरला मूलबाळ न होता गेला आणि धाकटा सगळं पाहू लागला. थोरल्याची बायको तिशीच्या आतली. माहेरच्या नात्यातलं एक पोर दत्तक घ्यायचं तिनं ठरवलं होतं आणि त्या विधीसाठीच ती नागपूरला निघाली होती. दत्तक झालं असतं तर थोरल्याचा वाटा त्या पोराचा झाला असता. न होता ती मेली, तर सगळंच धाकट्याचं. हे कळायला पोलिसात असण्याची गरज नव्हती. तरी गावात कोणी ते बोलत नव्हतं.

मी जमादाराला घेऊन गेलो तेव्हा अंगणात गर्दी होती. बाया प्रेताच्या पाया पडत होत्या. चेहरा खरोखरच तजेलदार होता. गालावर गुलाबी छटा, ओठ लालसर, नुकतीच झोप लागल्यासारखी. एकादशीचं मरण आणि चेहऱ्यावर हे तेज, म्हणजे बाई सरळ वैकुंठाला गेली, असं जो तो सांगत होता. प्रेत शवविच्छेदनासाठी न्यावं लागेल म्हटल्यावर एक म्हातारा माझ्या अंगावर आला.

"एवढी पुण्यवान बाई, साहेब. कायले बाटवून राहिले तिले?"

दीर तेवढा शांत होता. त्यानंच लोकांना मागे सारलं, हात जोडले आणि म्हणाला, "कायदा आहे तर होऊ द्या." मला तो शहाणा वाटला. मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल केला, पंचनामा केला. तिच्या गाठोड्यात एक लहान कुंची आणि चांदीचा करदोडा निघाला. पोराच्या मापाचा. जमादार जुना, कठीण माणूस, पण करदोडा त्यानं कुंचीत नीट गुंडाळून ठेवला.

डॉक्टरांचा निर्वाळा आला. ते तेज वगैरे काही नव्हतं. कोळशाच्या विषारी वायूनं रक्ताला असा रंग येतो, असं त्यांनी सांगितलं.

आता ही मोटार समजून घेतली पाहिजे. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून भाड्याच्या मोटारींना मागे लोखंडी भट्टी बसवलेली असे. तिच्यात कोळसा जाळायचा आणि त्याच्या गॅसवर इंजिन चालवायचं. गाडी धावत असताना इंजिन तो गॅस ओढून घेतं. थांबली की मात्र भट्टी आतल्या आत धुमसते, आणि झाकण नीट बसलेलं नसेल तर गॅस बाहेर येतो. त्याला ना रंग, ना धड वास. म्हणून गाडी थांबली की सगळ्यांनी उतरायचं, हा त्या धंद्यातला पहिला नियम होता. ही मोटार कापडी टपाची होती, बाजूला बांधायचे कनातीचे परदे. मी पाहिली तेव्हा दोन्ही बाजूंचे परदे आवळून बांधलेले होते. फक्त मागचा, भट्टीकडचा परदा सुटा लोंबत होता.

ड्रायव्हर मालधक्क्याजवळ सापडला. पळाला नव्हता, नुसता बसून होता. त्यानं सांगितलं की कोहमाऱ्याला चहा घेऊन परत आल्यावर त्याला भट्टीचं झाकण सैल दिसलं आणि आत कोणी बसलं नसेल या समजुतीनं त्यानं ते नुसतं आवळलं होतं.

"मैंने ही ढीला छोड़ा होगा, साहब. और कौन हाथ लगाएगा?" तो रडत होता. "लेकिन मालिक को मैंने बोला था. गाड़ी रुके तो सबको उतारना, अंदर कोई नहीं बैठेगा. कसम से बोला था."

मी त्याला कोठडीत टाकलं. दुसरं काही हातात नव्हतं. पायरीवर त्याची बायको दोन लेकरं घेऊन बसून राहिली. ठाण्यात येणारा जाणारा तिला ओलांडून जायचा.

दिराला जबाबासाठी बोलावलं. तो वेळेवर आला, स्वच्छ कपड्यांत, आणि प्रत्येक प्रश्नाला त्याचं उत्तर तयार होतं. रेल्वे असताना मोटार कशाला? तर गाड्यांमध्ये सोल्जरांची गर्दी, विधवा बाईमाणूस, तिला धक्के कशाला. मग त्यानं प्रवासाची आखणी सांगितली. उजाडताच निघायचं, म्हणजे दुपारी नागपूर. पहिला थांबा कोहमाऱ्याला, कारण तिथं इंजिनाला पाणी मिळतं आणि भट्टीत कोळसा भरता येतो. वहिनीला मागची पूर्ण बैठक, खाली गादी, वर रजई, वारा लागू नये म्हणून परदे. सोबतीला त्याची म्हातारी आत्या. तो स्वतः पुढे ड्रायव्हरशेजारी. कोहमाऱ्याला सगळे चहाला उतरले. वहिनीचा उपास, तिथं सगळे बाप्ये, ती काय म्हणून उतरेल? तिला निजू दिलं. निघताना आत्यालाही पुढे घेतलं, वहिनीला पाय पसरता यावेत म्हणून. साकोलीजवळ हाक मारली तर ती उठेना.

"थांबल्यावर सगळ्यांना उतरवा, असं ड्रायव्हरनं सांगितलं होतं?"

"नाही साहेब. त्या भट्टीतलं मला काय समजते? सांगितलं असतं तर मी वहिनीला आत ठेवली असती का?"

मी त्याला तो प्रवास परत सांगायला लावला, मग आणखी एकदा. जमादार कंटाळला. मला मात्र एक गोष्ट बोचू लागली. कोहमाऱ्यापर्यंत या माणसानं गादीसुद्धा ठरवली होती. पुढचं काहीच नाही. भंडाऱ्याला कुठं थांबायचं, वैनगंगेच्या अलीकडे की पलीकडे, नागपुरात उतरायचं कोणाकडे, त्याला सांगता येईना. ज्याच्या घरी विधी होता त्या भावाला निघण्याचा दिवस कळवला होता, पण पोहोचण्याची वेळ नाही. मी कोठडीत जाऊन ड्रायव्हरला कोळशाचं विचारलं.

"कम था साहब. मैंने बोला, नागपुर का माल लो. मालिक बोले, आगे मिल जाएगा."

गाडीत जेमतेम साकोलीपर्यंत जाऊन परत येण्यापुरता कोळसा होता. नागपूरला जायचं ज्याच्या मनात आहे तो माणूस असा निघत नाही. पण हा संशय झाला, पुरावा नव्हे. सर्कल इन्स्पेक्टरांनी कागद चाळले आणि ड्रायव्हरवर हयगयीचा गुन्हा लावून प्रकरण मिटवा म्हणाले. एक इभ्रतदार आडतदार आणि एक भाड्याचा ड्रायव्हर. कोर्ट कोणाचं ऐकणार, हे मला वेगळं सांगायची गरज नव्हती.

राहिली होती ती आत्या. म्हाताऱ्या बाईला ठाण्यात बोलवायचं नाही म्हणून मीच जमादाराला घेऊन तिच्याकडे गेलो. ती त्याच घराच्या मागच्या अंगाला राहायची. दिराची आई तो तान्हा असताना वारली, तेव्हापासून त्याला तिनंच वाढवलं होतं. वयामुळे तिचे उपास सुटले होते. रडून तिचे डोळे सुजले होते, पण बोलायला लागली ती कौतुकानंच.

"असा दीर मिळायले पुण्य लागते, साहेब. रातभर जागून गादी बांधली त्यानं. वहिनीले थंडी वाजन, वहिनीले हिसके बसतीन. परदे बांधले त मी दोरी धरली अन् त्यानं गाठ मारली. कोहमाऱ्याले गाडी थांबली त ती म्हणे, मले गरगरून राहिलं. त हा म्हणे, उपासानं होते, तुम्ही निजून राहा वहिनी."

"तुम्ही तिच्याजवळ नाही बसलात?"

"मी बसूनच राहिली होती. उतरायचं काही मनात नव्हतं, गुडघे दुखतेत. पर यानं हात धरून उतरवलं मले. म्हणे, आत्या, तू उतर. भट्टीची वाफ बाधते. गाडीपासून दूर, पार त्या चिंचेखाली नेऊन बसवलं. लहानपणापासून मायाच तशी त्याची माह्यावर."

जमादाराचा हात थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याला लिही म्हणून खूण केली.

लिहून झाल्यावर जबाब वाचून दाखवायचा असतो. मी वाचू लागलो. म्हातारी मान हलवत ऐकत होती, हो हो म्हणत होती. चिंचेच्या झाडापर्यंत आलो तेव्हा तिची मान थांबली.

"परत वाचा जी."

मी परत वाचलं. मग तिनं मलाच विचारलं, "मंग वहिनीले काऊन नाही उतरवलं त्यानं?"

मी कागद तिच्यापुढे सरकवला. तिनं जबाबावर अंगठा दिला. शाई पुसायला जमादारानं कापूस पुढे केला, तो तिनं घेतला नाही.

दिराला परत बोलावलं. या वेळी मी त्याला प्रवासाचं काही विचारलं नाही. नुसतं म्हणालो, "आत्या, तू उतर. भट्टीची वाफ बाधते."

"आत्यानं सांगितलं?" एवढंच त्यानं विचारलं.

मग सगळं सांगितलं. ड्रायव्हरला चहाला पाठवून झाकण कसं सैल केलं, मागचा परदा कसा सोडला, बाहेर उभं राहून विडी कशी ओढली. आतून वहिनीनं एकदा हाक मारली होती, तेही सांगितलं. मला त्याची किळस आली, आजही येते. पण पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही आणि मॅजिस्ट्रेटपुढे तो फिरला. शेवटी सगळा खटला म्हातारीच्या एका वाक्यावर येऊन ठेपला.

भंडाऱ्याला सेशन कोर्टाच्या व्हरांड्यात ती मला म्हणाली, "मी तेवढं नाही बोलली त?"

"तर तो ड्रायव्हर तुरुंगात जाईल, आत्याबाई."

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात ती डोक्यावरचा पदर धरून उभी राहिली आणि शब्दाला शब्द तेच बोलली. बचावाच्या वकिलानं आवाज चढवून विचारलं, भाच्याला फासावर द्यायला निघालात काय?

"मी कायले देऊ? मायवानी वाढवलं मी त्याले," ती म्हणाली. "पर त्यानं म्हटलं, बाबू. मले म्हटलं. तिले नाही म्हटलं."

वकील खाली बसले. आरोपीला जन्मठेप झाली. ड्रायव्हर सुटला. त्यानं पुढे मोटार सोडून दिली आणि मालधक्क्यावर हमाली धरली. झाकण खरंच मीच सैल ठेवलं असतं तर, असं तो नंतरही मला भेटला की म्हणायचा.

या खटल्यानं मला काय शिकवलं, असं तरुण अधिकारी विचारतात. मी त्यांना सांगतो, आरोपीचा क्रूरपणा शोधत बसू नका, तो झाकायला त्यानं पुरेशी तयारी केलेली असते. त्याची माया कुठं आहे ते पाहा. तिथं त्यानं तयारी केलेली नसते. बहुतेक गुन्हे मला तिथंच सापडले. हे बरोबर आहे, कामाचं आहे, आणि हे सांगताना मला कधीही बरं वाटलेलं नाही.

ती म्हातारी तुरुंगातल्या भाच्याला भेटायला जायची. एकदा जाताना गोंदिया स्टेशनवर मला दिसली, हातात चिवड्याची पुरचुंडी घेऊन. मी जवळ गेलो, तब्येत विचारली. तिनं मला ओळखलं. तेवढ्यात तिची गाडी आली.

"साहेब, एक सांगा. त्यानं मलेबी आतच बसू दिलं असतं, त कोनाले समजलं असतं?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण तिनं कोर्टात माझ्यासाठी खरं सांगितलं होतं.

"नाही, आत्याबाई. कोणालाच नसतं समजलं."

तिनं मान हलवली, पुरचुंडी पदराखाली घेतली आणि डब्याकडे चालू लागली.