वाकळीचा उघडा कोपरा

‘तुला काय अक्का, बसल्या बसल्या होतं,’ हे माझ्या धाकट्या भावाचं लाडकं वाक्य. नुसतं आठवलं तरी माझं डोकं फिरतं. ज्यांना बसल्या बसल्या होतं असं वाटतं त्यांनी एकदा बसून बघावं, मग उठताना कंबरच सांगते काय काय होतं ते.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि भाऊ तिथल्या नव्या कचेरीत कारकून म्हणून लागला होता. त्यानं घर बांधलं. स्टीलची भांडी सगळेच देतात, म्हणून वास्तुशांतीला मी नांदेडहून हातानं शिवलेली वाकळ न्यायची ठरवली.

साल दुष्काळाचं. वाकळीला जुनी लुगडी लागतात आणि ती आधी गरम पाण्यात घालून, खळ काढून धुवावी लागतात, नाहीतर सुई आत शिरत नाही. गोदावरीच्या काठी राहून आम्ही पाण्याला महाग झालो होतो. हापशावर घागरींची रांग, रांगेत भांडणं. तसं आणलेलं पाणी मी लुगड्यांना घातलं. नवरा म्हणाला, “माणसं पारोशी आन् चिंध्यांची आंघोळ चालू हाय!” थट्टाच होती, पण खोटी नव्हती. मग अख्खा उन्हाळा, भांडीकुंडी उरकली की जमिनीवर वाकून कडेनं आत आत धावदोरा. बोटांची पार चाळणी झाली.

आमच्यात वाकळ देताना शेवटचा कोपरा शिवत नाहीत. ज्या घरी ती जाते तिथल्या माणसानं आपल्या घरातली एक चिंधी आत घालून तो कोपरा मिटवायचा, म्हणजे वाकळ त्या घरची होते. मी सुईदोरा कोपऱ्याला टोचूनच दिला. भावजयीनं वाकळ कॉटवर ठेवली, “घालते की सावकाश,” म्हणाली आणि कुणीतरी आणलेला टेबलफॅन बघायला गेली. मला लागलं, पण म्हटलं, शुभ दिवशी कशाला बोला.

दसऱ्याच्या सुमारास पुन्हा गेले. पावसानं त्या साली दगाच दिला होता. अंगणात टँकरच्या पाण्याचा पिंप होता आणि पिंपाला माझी वाकळ गुंडाळून सुतळीनं आवळली होती. ओलीगच्च, खालून चिखलानं माखलेली, लाल लुगड्याचा रंग पांढऱ्यावर उतरलेला.

“पाणी लई गार राहतंय, वन्सं,” भावजय कौतुकानं म्हणाली.

तेवढ्यात भाऊ हसत बाहेर आला.

“बरं झालं आलीस अक्का. वास्तुशांतीला आलेल्या सायबाच्या बाईला ही वाकळ लई आवडली बघ. म्या सांगून टाकलं, आमची अक्का दिवाळीपर्यंत तुमालाबी एक करून देती. रिकामीच असती ती.”

पिंपाचं एकवेळ मी गिळलं असतं. पण रिकामी? माझा उन्हाळा, माझ्या घरचं पाणी, आणि ते हा साहेबाच्या पायाशी वाहून मोकळा! मला विचारायचीसुद्धा गरज वाटली नाही त्याला. अंगाची लाही लाही झाली.

मी सुतळी सोडली. कोपरा तसाच उघडा होता, सुई तिथंच गंजून गेलेली. घरात चिंधी नव्हती असं थोडंच आहे? पिंपाला आवळायला सुतळी बरी सापडली होती.

पायरीवर बसले. पिशवीतली माझी सुई काढली, कमरेचा माझा रुमाल घडी करून त्या कोपऱ्यात सारला आणि टाके घालायला लागले. रीत भावालाही ठाऊक होती. त्याचं हसू उतरलं.

“अक्का, हे काय करून राहिलीस? तुझ्या घरची झाली की गं ती! आन् सायबाला मी काय सांगू?”

मी दोरा दातानं तोडला, वाकळ पिळून खांद्यावर टाकली.

“तूच शिवून दे की. बसल्या बसल्या होतं.”